ड्रॉपडाउन बदलला, पुढे काय? सिलेक्टच्या चेंज इव्हेंटबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात बसून पतसंस्था, सोसायट्या आणि छोट्या बँकांसाठी वेब फॉर्म बनवणाऱ्या आमच्यासारख्या टीममध्ये दर बॅचला नवी मुलं-मुली येतात, आणि पहिल्या महिन्यात सगळ्यांचा बग एकाच जागी निघतो: जिल्हा-तालुक्याच्या ड्रॉपडाउनमध्ये. म्हणून हे पान. सिलेक्ट म्हणजे एचटीएमएलमधला ड्रॉपडाउन, इव्हेंट म्हणजे काही घडल्याची ब्राउझरने दिलेली वर्दी (ती पाठवली गेली की ‘फायर झाला’ म्हणतात), आणि ती आल्यावर चालणारं आपलं फंक्शन म्हणजे हँडलर किंवा लिसनर. उदाहरणं मुद्दाम पत्त्याच्या फॉर्मची घेतली आहेत, कारण ड्रॉपडाउनची बहुतेक सगळी दुखणी त्या एका फॉर्मात सापडतात. इथे कोड चिकटवलेला नाही. कोड कुठेही मिळतो, तो तसा का लिहायचा हे मिळत नाही.

चेंज इव्हेंट नक्की कधी फायर होतो?

वापरणाऱ्याने आधीपेक्षा वेगळा पर्याय निवडून पक्का केला की. सिलेक्टच्या बाबतीत आधी इनपुट आणि लगेच पाठोपाठ चेंज, असे दोन इव्हेंट येतात. टेक्स्टबॉक्समध्ये इनपुट प्रत्येक अक्षराला येतो आणि चेंज फोकस गेल्यावर. तो फरक इथे जवळजवळ राहत नाही, त्यामुळे साध्या सिलेक्टला चेंज पुरतो.

यादी उघडून पुन्हा तोच पर्याय निवडला तर काहीही फायर होत नाही. ‘त्याच पर्यायावर परत क्लिक केलं की डेटा रिफ्रेश झाला पाहिजे’ अशी मागणी क्लायंटकडून आली तर शेजारी रिफ्रेशचं बटण द्या. ऑप्शनवर क्लिकचा लिसनर लावून हे जमवायच्या भानगडीत पडू नका. बऱ्याच ब्राउझरमध्ये उघडलेली यादी पानाचा भाग म्हणून काढलीच जात नाही, त्यामुळे तो क्लिक तुमच्यापर्यंत पोहोचेल याचा भरवसा नाही.

मी कोडमधून व्हॅल्यू बदलली. स्क्रीनवर बदललेली दिसते, पण हँडलर चाललाच नाही. असं का?

कारण तो चालायचाच नसतो. चेंज म्हणजे ‘माणसाने बदललं’ याची वर्दी, ‘व्हॅल्यू बदलली’ याची नव्हे. हे एकदा डोक्यात बसलं की खालचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. जेक्वेरी या जुन्या जावास्क्रिप्ट लायब्ररीचं व्हॅल्यू सेट करणारं व्हॅल फंक्शनही याला अपवाद नाही. म्हणून तर सिलेक्ट-टू (सिलेक्टच्या जागी स्वतःची पेटी दाखवणारं जेक्वेरीचं प्लगइन) वापरणाऱ्या जुन्या कोडमध्ये व्हॅल्यू सेट केल्यावर पुढच्याच ओळीत हाताने चेंज ट्रिगर केलेला दिसतो. तसं केलं नाही तर दिसणारी पेटीसुद्धा बदलत नाही.

मग आपणही हाताने इव्हेंट ट्रिगर करायचा का? चालतं, पण मला ते आवडत नाही. निवड बदलल्यावर जे काम व्हायला हवं (तालुके आणणं, फी काढणं, जे काही असेल ते) त्याचं स्वतंत्र फंक्शन करा. हँडलर त्याला बोलावेल आणि तुमचा कोडही त्यालाच बोलावेल. खोटा इव्हेंट पाठवला की तो फॉर्मपर्यंत बबल होत (वरच्या एलिमेंटकडे चढत) जातो आणि वर कोणी ‘फॉर्ममध्ये बदल झाला’ हे मोजत बसलं असेल तर तेही जागं होतं. मग एकही अक्षर न बदलता ‘सेव्ह न करता बाहेर जायचं का?’ अशी पेटी उघडते आणि टेस्टर तिकीट टाकतो.

यादीत एकच शाखा आहे. ती निवडायला गेलं तर काहीच होत नाही.

एकओळी सिलेक्टमध्ये तुम्ही काही सांगितलं नाही तर ब्राउझर पहिला चालू (डिसेबल्ड नसलेला) पर्याय स्वतःच निवडून ठेवतो. जो आधीच निवडलेला आहे तो माणूस पुन्हा निवडणार कसा? सुरुवातीला रिकाम्या व्हॅल्यूचा ‘शाखा निवडा’ असा पर्याय ठेवा. सिलेक्टला रिक्वायर्ड लावलं असेल तर पहिला रिकामा पर्याय ‘निवड झालेली नाही’ असाच धरला जातो, म्हणजे व्हॅलिडेशनही फुकटात. यादी खरोखरच एका शाखेची असेल तर मात्र ड्रॉपडाउन दाखवूच नका, सरळ नाव लिहा.

जिल्हा बदलला की तालुके बदलायचे आहेत. नीट पद्धत कोणती?

इथे जरा थांबून बोलू, कारण या एका प्रश्नात तीन वेगळे बग लपलेले असतात.

पहिला: शिळा तालुका. माणसाने पुणे निवडला, जुन्नर निवडला, मग जिल्हा बदलून सातारा केला. तालुक्यांची यादी नवी आली, पण तुमच्या स्टेटमध्ये (कोडने लक्षात ठेवलेल्या माहितीत) जुन्नर तसाच आहे. रिॲक्ट या स्क्रीन बनवायच्या जावास्क्रिप्ट लायब्ररीमध्ये हे अधिक फसवं होतं: सिलेक्टला दिलेली व्हॅल्यू यादीत सापडली नाही तर रिॲक्ट पहिला चालू पर्याय निवडून दाखवतं. स्क्रीनवर साताऱ्याचा पहिला तालुका, स्टेटमध्ये जुन्नर. माणूस समोर बघून ‘बरोबर आहे’ म्हणतो, सबमिट दाबतो आणि डेटाबेसमध्ये सातारा जिल्ह्यातलं जुन्नर जन्माला येतं. साध्या जावास्क्रिप्टमध्ये यादीत नसलेली व्हॅल्यू सेट केली तर सिलेक्ट निदान कोरा तरी दिसतो, चूक डोळ्यांना कळते.

आता व्हॅल्यू म्हणून तालुक्याचं नावच ठेवलं असेल तर आणखी एक गंमत. पुणे जिल्ह्यात खेड आहे आणि रत्नागिरी जिल्ह्यातही खेड आहे. पुणे–खेड निवडलेल्या माणसाने जिल्हा रत्नागिरी केला, तर ‘खेड’ ही शिळी व्हॅल्यू नव्या यादीतही सापडते आणि अगदी रुबाबात निवडलेली दिसते. व्हॅलिडेशन पास, सर्व्हरही खूश. राजगुरुनगरचा (म्हणजे पुण्याच्या खेडचा) खातेदार बघता बघता कोकणात पोहोचतो. कर्जत रायगडमध्येही आहे आणि अहिल्यानगरमध्येही. मालेगाव नाशिकमध्येही आणि वाशिममध्येही. टेस्ट केस लिहिताना या जोड्या हाताशी ठेवा.

दुसरा: उशिरा आलेलं उत्तर. पुणे निवडला, एपीआयला (तालुक्यांची यादी देणाऱ्या सर्व्हरला) कॉल गेला. लगेच मत बदलून सातारा केला, दुसरा कॉल गेला. साताऱ्याचं उत्तर आधी आलं, पुण्याचं मागून. मागून आलेलं जिंकतं आणि साताऱ्याखाली मावळ, मुळशी, भोर दिसू लागतात. उपाय दोन. नवा कॉल करताना जुना अबॉर्ट कंट्रोलरने रद्द करा. किंवा उत्तर आल्यावर ‘ज्या जिल्ह्यासाठी मागितलं होतं तोच जिल्हा आत्ता निवडलेला आहे ना?’ एवढं तपासा, नसेल तर टाकून द्या. ऑफिसच्या वायफायवर हा बग दिसत नाही. ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये वेग मुद्दाम कमी करून बघा.

तिसरा, आणि सगळ्यात जास्त वेळ खाणारा: जुनी नोंद एडिटला उघडली की तालुका गायब. कोणीतरी रिॲक्टच्या इफेक्टमध्ये (व्हॅल्यू बदलली की आपोआप चालणाऱ्या कोडमध्ये) लिहून ठेवलेलं असतं की ‘जिल्हा बदलला की तालुका रिकामा कर’. सर्व्हरवरून नोंद आली, जिल्हा रिकाम्यावरून पुणे झाला, इफेक्टला वाटलं बदल झाला, त्याने नुकताच आलेला तालुका पुसला. रिकामं करायचं काम माणसाच्या कृतीशी बांधलेलं आहे, म्हणून ते जिल्ह्याच्या चेंज हँडलरमध्येच करा: नवा जिल्हा सेट, तालुका रिकामा, दोन्ही एकाच जागी. इफेक्टमध्ये फक्त यादी आणण्याचं काम राहू द्या. रिॲक्टमध्ये रिकामं करताना अनडिफाइन्ड देऊ नका, रिकामी स्ट्रिंग द्या. अनडिफाइन्ड दिलं तर सिलेक्ट तुमच्या ताब्यातून सुटतो आणि जुनीच निवड दाखवत बसतो.

हे सगळं सांगून झाल्यावर एक प्रश्न विचारतो: तालुक्यांसाठी एपीआय कॉल हवाच कशाला? महाराष्ट्रात जिल्हे ३६ आणि तालुके ३५८. एवढी यादी पानाबरोबर एकदाच पाठवली तर दुसरा बग मुळातच उरत नाही. गावांची यादी असेल तर गोष्ट वेगळी, तिथे कॉल करावाच लागेल.

ऑप्शनच्या व्हॅल्यूत नाव ठेवू, पिनकोड ठेवू की आयडी?

आयडी किंवा कोड. नाव नको, याचं एक कारण वर आलंच. दुसरं कारण म्हणजे नावं बदलतात. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं, २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर. ज्यांनी व्हॅल्यूत नाव साठवलं होतं त्यांना सगळ्या टेबलांमधून नावं बदलत फिरावं लागलं; ज्यांनी कोड साठवला होता त्यांनी लेबलची एक ओळ बदलली. स्वतःचे कोड पाडायचे नसतील तर केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत जिल्ह्या-तालुक्यांचे कोड मिळतात, ते वापरा. एक सूचना: ऑप्शनला व्हॅल्यू लिहिलीच नाही तर त्याचा दिसणारा मजकूरच व्हॅल्यू होतो. म्हणजे न लिहिणं हेसुद्धा नाव साठवणंच.

पिनकोडचा किस्सा खास पुण्याचा. सदाशिव, नारायण आणि शनिवार पेठ तिन्हींचा पिन ४११०३०. पेठेच्या ड्रॉपडाउनमध्ये व्हॅल्यू म्हणून पिन ठेवला तर तीन पर्यायांची व्हॅल्यू एकच होते. रिॲक्टच्या कंट्रोल्ड सिलेक्टमध्ये (ज्याची निवड स्टेट ठरवतं) माणूस नारायण पेठ निवडतो, चेंज फायर होतो, स्टेट ४११०३० होतं, आणि रिॲक्ट ती व्हॅल्यू असलेला पहिला पर्याय शोधून निवडतं. यादीत सदाशिव वर असेल तर डोळ्यांदेखत नारायणची सदाशिव होते. कितीही वेळा निवडा, सदाशिवच. पेठेची अस्मिता असलेल्या खातेदारापुढे हा डेमो करू नये. पेठेला स्वतंत्र आयडी द्या आणि पिन त्या आयडीवरून काढा.

आणखी एक: व्हॅल्यू नेहमी स्ट्रिंग असते. तुमच्या डेटात आयडी १२ हा आकडा असेल आणि इव्हेंटमधून ‘१२’ अशी स्ट्रिंग आली, तर तीन बरोबरच्या चिन्हांची (प्रकारही तपासणारी) तुलना खोटी ठरते आणि ‘यादीत सापडत नाही’ म्हणून तुम्ही अर्धा तास शोधत बसता. हँडलरमध्ये आल्या आल्या आकड्यात बदलून घ्या. बदलण्याआधी रिकामी स्ट्रिंग तपासा, कारण रिकाम्या स्ट्रिंगचं आकड्यात रूपांतर केलं की शून्य येतं आणि शून्य नंबरची शाखा शोधायला निघावं लागतं.

रिॲक्टमध्ये स्टेट सेट केल्यावर पुढच्याच ओळीत लॉग केलं तर जुनीच व्हॅल्यू येते.

येणारच. त्या फंक्शनमधलं स्टेटचं चल त्या रेंडरपुरतं (स्क्रीन एकदा काढण्यापुरतं) गोठलेलं असतं. नवी व्हॅल्यू पुढच्या रेंडरला दिसेल. हँडलरमध्ये नवी व्हॅल्यू लागत असेल तर इव्हेंटच्या टार्गेटमधून एका स्थानिक चलात घ्या आणि सेट करायलाही तेच वापरा, एपीआयला पाठवायलाही तेच. जुन्या प्रोजेक्टमध्ये रिॲक्ट १६ असेल तर टाइमआउटच्या आत इव्हेंट वाचायला जाऊ नका: तिथे इव्हेंटचा ऑब्जेक्ट पुन्हा वापरला जायचा आणि आतली माहिती पुसली जायची. १७ पासून ते बंद झालं.

अँग्युलर आणि व्ह्यू या रिॲक्टच्या पंगतीतल्या फ्रेमवर्कमध्ये काय वेगळं आहे?

अँग्युलरच्या रिॲक्टिव्ह फॉर्ममधला व्हॅल्यूचेंजेस (व्हॅल्यू बदलल्याची वर्दी देणारा) कोडमधून सेटव्हॅल्यू केल्यावरही बोलतो. म्हणजे ब्राउझरच्या चेंजच्या बरोबर उलट वागणूक. दोन कंट्रोल एकमेकांना सेट करत असतील तर गोल गोल फिरत राहतात. तिथे सेट करताना एमिटइव्हेंट फॉल्स द्या, म्हणजे तो गप्प राहतो. पर्याय म्हणून ऑब्जेक्ट ठेवले असतील तर एनजीव्हॅल्यू वापरा आणि दोन ऑब्जेक्ट एकच आहेत का ते सांगणारं कंपेअरविथ फंक्शन द्या, नाहीतर सर्व्हरवरून आलेला ऑब्जेक्ट आणि यादीतला ऑब्जेक्ट दिसायला सारखे असले तरी वेगळे धरले जातात आणि निवड कोरी राहते. अँग्युलर मटेरियल या तयार कंपोनंटच्या संचातल्या मॅट-सिलेक्टला साधा चेंज लावून वाट पाहू नका, त्याचा इव्हेंट सिलेक्शनचेंज या नावाचा आहे.

व्ह्यूचं व्ही-मॉडेल (डेटा आणि फॉर्मचं फील्ड जोडून ठेवणारं) सिलेक्टवर चेंज ऐकतं आणि नंबर मॉडिफायर दिला तर आकडा करून देतं. सुरुवातीची व्हॅल्यू कुठल्याच पर्यायाशी जुळत नसेल तर आयफोनवर पहिला पर्याय निवडता येत नाही. त्यांच्या कागदपत्रांतही म्हणूनच रिकाम्या व्हॅल्यूचा डिसेबल्ड पर्याय वर ठेवा असं सांगितलं आहे.

आम्ही स्वतःचा वेब कंपोनंट केला. आतल्या सिलेक्टचा चेंज बाहेर ऐकूच येत नाही.

शॅडो डॉमच्या (बाहेरच्या पानापासून वेगळ्या ठेवलेल्या कंपोनंटच्या आतल्या भागाच्या) आत सिलेक्ट असेल तर इनपुट इव्हेंट त्या भिंतीबाहेर येतो, चेंज येत नाही. बबल दोघेही होतात. फरक कंपोझ्ड या, भिंत ओलांडू देणाऱ्या गुणाचा, तो इनपुटला आहे आणि चेंजला नाही. त्यामुळे आत चेंज ऐका आणि कंपोनंटच्या मुख्य एलिमेंटवरून आपला इव्हेंट पुन्हा पाठवा. कस्टम इव्हेंट असेल तर डिटेलमध्ये नुसती नवी व्हॅल्यू न पाठवता जुनी व्हॅल्यूही पाठवा. वापरणारे पुढच्या आठवड्यात ती मागतातच. आणि तोच नियम पाळा: बाहेरून कोणी कोडने व्हॅल्यू सेट केली तर इव्हेंट पाठवू नका, माणसाने निवडलं तरच पाठवा. नाहीतर तुमचा कंपोनंट वापरणाऱ्याला लूप भेट मिळतो.

‘खात्याचा प्रकार बदलल्यास भरलेली माहिती जाईल, चालेल?’ असं विचारून नकार आला तर निवड मागे कशी न्यायची?

चेंज रद्द करता येत नाही. प्रिव्हेंटडिफॉल्ट लिहिलं तरी काही फरक पडत नाही, कारण इव्हेंट येतो तोपर्यंत बदल झालेला असतो आणि जुनी व्हॅल्यू सिलेक्टकडे उरलेली नसते. ती तुम्ही स्वतःकडे ठेवा. नकार आला की परत सेट करा. रिॲक्टच्या कंट्रोल्ड सिलेक्टमध्ये होकार येईपर्यंत स्टेटच बदलू नका, निवड आपोआप जुन्यावर राहते.

सिलेक्ट रीडओन्ली कसा करायचा?

करता येत नाही, सिलेक्टला तो ॲट्रिब्यूटच नाही. डिसेबल्ड केला तर फॉर्म सबमिट होताना त्याची व्हॅल्यू जात नाही, आणि सर्व्हरवाले ‘शाखा आली नाही’ म्हणून तुमच्या डेस्कवर येतात. डिसेबल्ड सिलेक्टच्या जोडीला त्याच नावाचा हिडन इनपुट ठेवा, किंवा बदलायचंच नसेल तर साधा मजकूर दाखवा.

निवडल्याबरोबर पुढच्या पानावर न्यायचं आहे, बटण नको. चालेल ना?

नको. विंडोजवर सिलेक्ट न उघडता नुसत्या बाणाच्या कळांनीही निवड बदलते. पाचव्या पर्यायाकडे जाणाऱ्या माणसाला दुसऱ्याच पर्यायावर तुम्ही पानाबाहेर फेकाल. माउस न वापरणाऱ्यांना आणि स्क्रीन रीडरवाल्यांना ते पान वापरताच येणार नाही. डब्ल्यूसीएजी या वेब सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांच्या ३.२.२ या निकषात नेमकं हेच आहे, तोही सर्वांत खालच्या ए पातळीवर: आधी सांगितल्याशिवाय नुसत्या निवडीने संदर्भ बदलू नये. खालची यादी गाळणं ठीक, पान बदलणं नाही. यादी गाळतानाही दर बाणाला कॉल जाऊ नये म्हणून थोडा डिबाउन्स (कळा थांबेपर्यंत वाट पाहणं) ठेवा.

पान रिफ्रेश केलं की ड्रॉपडाउनमध्ये जुनी निवड दिसते, पण खालचा तक्ता रिकामा.

फायरफॉक्स रिलोडनंतर फॉर्ममधली निवड जपून ठेवतो, आणि ती परत बसवताना तुमच्यासाठी चेंज पाठवत नाही. पान उघडल्यावर ‘काही निवडलेलं नसेल’ असं गृहीत न धरता सिलेक्टची व्हॅल्यू वाचून तेच काम करणारं फंक्शन एकदा चालवा. बॅक बटणाने परत आलेल्या पानासाठी पेजशो इव्हेंटवर पुन्हा. हे नको असेल तर ऑटोकंप्लीट बंद करा.

आमच्याकडे अजून जुनं डॉटनेट वेबफॉर्म आहे. सिलेक्टेडइंडेक्सचेंज्ड (तिथला निवड बदलल्याचा इव्हेंट) येतच नाही.

दोन गोष्टी बघा. ऑटोपोस्टबॅक ट्रू आहे का? नसेल तर पुढच्या कुठल्यातरी पोस्टबॅकपर्यंत (पान सर्व्हरकडे परत पाठवलं जाईपर्यंत) तो इव्हेंट थांबून राहतो. आणि पेज लोडमध्ये यादी बाइंड करताना ‘हा पोस्टबॅक नाही ना’ ही तपासणी आहे का? नसेल तर दर वेळी यादी नव्याने भरली जाते आणि माणसाची निवड पहिल्या पर्यायावर येऊन बसते. सहकारी क्षेत्रातल्या बऱ्याच जुन्या सॉफ्टवेअरमध्ये हा बग आजही ठाण मांडून आहे.

डिझायनरने वेगळा ड्रॉपडाउन दिलाय. सिलेक्टऐवजी डिव्ह (एचटीएमएलचा साधा डबा) वापरून करू?

करता येतो, पण मग कॉम्बोबॉक्स, लिस्टबॉक्स आणि ऑप्शनचे (स्क्रीन रीडरला घटक काय आहे ते सांगणारे) रोल, उघडं-मिटलेलं सांगणारं एक्स्पांडेड, बाण, एस्केप, होम-एंड, अक्षर टाइप केल्यावर उडी, हे सगळं तुमच्या गळ्यात. त्यापेक्षा खरा सिलेक्ट ठेवून वरवरची स्टाइल करा. क्रोम १३५ पासून, म्हणजे २०२५ पासून, सीएसएसच्या अपिअरन्सला बेस-सिलेक्ट देऊन खऱ्या सिलेक्टची यादीसुद्धा सजवता येते. ज्या ब्राउझरला ते कळत नाही तो नेहमीचा सिलेक्ट दाखवतो. चेंज तोच, कीबोर्ड तोच. डिझायनरशी आधी बोला, चहावर बरंच काही सुटतं.

मराठी नावांची यादी विचित्र क्रमाने का लागते?

जावास्क्रिप्टचा साधा सॉर्ट युनिकोडच्या आकड्यांवर चालतो. त्यात ळ हा ल आणि व यांच्यामध्ये येतो, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर. आणि ॲ ने सुरू होणारी नावं तर थेट ह च्याही मागे जातात. लोकेलकंपेअरला मराठीचा लोकेल (भाषेची खूण) देऊन सॉर्ट करा. दुसरी अडचण काउंटरवरच्या माणसाची: त्याचा कीबोर्ड इंग्रजीत असतो, त्यामुळे ‘पी’ची कळ दाबून तो ‘पुणे’वर उडी मारू शकत नाही. ३६ जिल्ह्यांपर्यंत चालून जातं. गावांच्या लांबलचक यादीला मात्र दोन्ही लिप्यांत शोधता येणारा बॉक्सच द्या.

टेस्टमध्ये सगळं पास, प्रत्यक्षात बग. कसं काय?

बहुधा टेस्ट कोडमधून व्हॅल्यू सेट करून हाताने चेंज पाठवते आहे. त्यात डिसेबल्ड पर्याय किंवा डिसेबल्ड सिलेक्टसुद्धा आरामात ‘निवडला’ जाऊ शकतो. टेस्टिंग लायब्ररीच्या यूझर-इव्हेंटमधलं सिलेक्टऑप्शन्स, सायप्रेसचं सिलेक्ट किंवा सेलेनियमचा सिलेक्ट क्लास वापरा; ते माणसाच्या वागण्याच्या जवळ जातात. आणि पहिली टेस्ट ही लिहा: जिल्हा पुणे, तालुका खेड, मग जिल्हा रत्नागिरी. तालुका रिकामा झाला पाहिजे.